इनूतेक स्टॉर्क, सिसिमिउत आणि व्हेनिसमधलं डेन्मार्कचं पॅव्हेलियन: एक प्रकरण अभ्यास

२०२४ च्या एप्रिलमध्ये व्हेनिस बिएनाले, म्हणजे देशोदेशींची दालनं (पॅव्हेलियन) असलेलं मोठं कला-प्रदर्शन, उघडलं तेव्हा डेन्मार्कच्या पॅव्हेलियनच्या दारावर 'कलालित नुनात' अशी पाटी होती. ग्रीनलँडचे लोक आपल्या देशाला हेच म्हणतात, आणि ग्रीनलँड अजून डेन्मार्कच्या राज्याचाच भाग आहे. आत सगळं काम एकाच माणसाचं होतं, इनूतेक स्टॉर्क, जन्म १९८९, गाव सिसिमिउत. या पॅव्हेलियनमध्ये एकट्याने प्रदर्शन मांडणारा तो पहिला ग्रीनलँडर आणि पहिलाच फोटोग्राफर. क्युरेटर होत्या लुईस वोल्टर्स आणि प्रदर्शनाचं नाव होतं 'राइज ऑफ द संकन सन', बुडालेला सूर्य वर येतोय असं काहीतरी.

आता ग्रीनलँडचा फोटोग्राफर म्हटलं की आपल्या डोक्यात आधीच एक चित्र तयार असतं. निळा हिमनग, त्याच्यासमोर लाल-पिवळी लाकडी घरं, वर आकाशात ऑरोराचा हिरवा उजेड, आणि माणूस असलाच तर फरच्या टोपीतला एखादा सुरकुतलेला शिकारी. यातलं जवळजवळ काहीच आत नव्हतं. होतं ते घरातलं होतं, सोफ्यावर पसरलेले मित्र, थेट फ्लॅश मारलेले चेहरे, कुत्री, स्वयंपाकघरं, पोरंटोरं, मधेच समुद्र, मधेच मारून आणलेला प्राणी, जुन्या काळातली अनोळखी माणसं. आणि तरी या कामाबद्दल बोलणारे लोक इनुइट, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांच्या श्रद्धा, आत्मे, पूर्वज हे विषय काढतातच. तर माझा प्रश्न हा आहे की अंगाक्कोक म्हणजे शमन दाखवला नाही, मुखवटा दाखवला नाही, ढोलसुद्धा मुद्दाम पुढे केला नाही, तर मग ती श्रद्धा या फोटोंमध्ये शिरते कुठून? मला वाटतं ती विषयातून येत नाही, फोटो काढण्याच्या आणि फोटो हाताळण्याच्या रीतीतून येते, आणि ही रीत त्या भूभागाशिवाय समजत नाही.

गाव आणि उजेड

सिसिमिउत हे ग्रीनलँडचं दुसऱ्या नंबरचं शहर, शहर म्हणायचं पण वस्ती साडेपाच हजारांच्या आसपास, आणि सगळ्या देशाचीच लोकसंख्या छप्पन्न-सत्तावन्न हजार आहे. आर्क्टिक वर्तुळाच्या थोडंसं उत्तरेला, पश्चिम किनाऱ्यावर. मागे नासासाक डोंगर, पुढे समुद्र, आणि गावाच्या कडेला साखळीला बांधलेले स्लेजचे कुत्रे, कारण पश्चिम किनाऱ्यावर स्लेजचे कुत्रे पाळायला परवानगी आहे ती इथून वरच. एका गावातून दुसऱ्या गावात जायला रस्ता नाही, ग्रीनलँडमध्ये तसे रस्ते जवळजवळ नाहीतच, बोट नाहीतर विमान नाहीतर हिवाळ्यात बर्फावरून स्लेज किंवा स्नोमोबाइल.

इथला उजेड फोटोग्राफरला वेगळं वळण लावतो. सूर्य कधी डोक्यावर येतच नाही, तो आडवा येतो, तासन्तास तिरका पडून राहतो, उन्हाळ्यात मावळत नाही आणि डिसेंबरमध्ये जेमतेम क्षितिजापर्यंत येतो, दुपारी थोडा वेळ निळसर उजेड मिळतो तेवढाच. त्यामुळे वर्षाचा मोठा भाग घरात जातो, दिव्याखाली, एकमेकांच्या सोबतीने, आणि म्हणून उत्तरेचा प्रामाणिक फोटो काढायचा तर निम्मे फोटो घरातले असणार हे उघड आहे. बाहेरून येणारा फोटोग्राफर जुलैमध्ये येतो, हिमनग काढतो आणि जातो. हिवाळाभर तिथे राहणाऱ्याला बल्बचा पिवळा उजेडसुद्धा निसर्गाचाच भाग वाटत असला तर त्यात नवल नाही.

स्टॉर्क बहुतेक फिल्मवर काम करतो. थंडीत फिल्म कडक होते, बॅटरी पटकन मरते, कोरड्या हवेत फिल्म पुढे सरकवताना स्टॅटिकचे ओरखडे उठतात, आणि बाहेरून गरम घरात आलं की लेन्सवर लगेच धुकं धरतं. आर्क्टिकमध्ये फिल्म वापरणाऱ्या कुणालाही हे चुकत नाही. त्याच्या फोटोंमध्ये दाणे, धूळ, सांडलेला प्रकाश दिसतो आणि तो साफसूफ केलेला नाही. कोणी याला स्टाइल म्हणेल. मला ती त्याहून मोठी गोष्ट वाटते, हवामानाने फोटोवर केलेली सही आणि ती पुसायची नाही असं ठरवलेलं.

ज्याला आपण ॲनिमिझम म्हणतो

हा शब्द विद्यापीठातला आहे, तिथलं कुणी स्वतःबद्दल असं म्हणत नाही, आणि आज ग्रीनलँडमधले बहुतेक लोक लुथेरन ख्रिश्चन आहेत हे आधीच सांगून ठेवतो, कारण नाहीतर आपण पुन्हा त्यांना शंभर वर्षं मागे ढकलतो. पण जुनी समज गेलेली नाही. ती अशी की प्रत्येक गोष्टीत तिचा एक 'इनुआ' राहतो, म्हणजे तिचा धनी, तिच्या आतला माणूस म्हणा, सीलमध्ये, डोंगरात, दगडात, हत्यारातही. सिला ही हवेतली, हवामानातली, सगळ्या जगाला श्वास देणारी ताकद. समुद्राच्या तळाशी सास्सुमा आर्ना, समुद्राची आई, माणसांनी नियम मोडले की तिच्या केसांत घाण अडकते आणि ती सगळे प्राणी तिथेच धरून ठेवते, मग अंगाक्कोकने तळाशी जाऊन तिचे केस विंचरायचे तेव्हा कुठे सील आणि वॉलरस पुन्हा वर येणार. ऑरोरा म्हणजे वर आकाशात मेलेल्यांचे आत्मे वॉलरसच्या कवटीने बॉल खेळतायत. ही गोष्ट तिथे लहान पोरांनाही माहीत असते.

यातली जी गोष्ट मला स्टॉर्कच्या कामासाठी सगळ्यात महत्त्वाची वाटते ती नावाची. माणूस गेला की त्याचं नाव, 'आतेक', मोकळं होतं आणि नंतर जन्मलेल्या मुलाला ते दिलं जातं, नावाबरोबर त्या माणसातलं काहीतरी त्या मुलात येतं. आपल्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, पण तिथे नातं त्याच्याहून घट्ट धरलं जातं, गेलेल्याची बायको त्या तान्ह्या पोराला प्रेमाने आपला नवरा म्हणू शकते, त्याची मुलं त्याला वडील म्हणू शकतात, आणि ही चाल आजही चालू आहे, चर्चमध्ये बाप्तिस्मा होतो त्याच मुलांच्या बाबतीत. म्हणजे मेलेला माणूस मागे राहिलेला नसतो. तो फिरतीवर असतो.

१७२१ मध्ये हान्स एगेडे हा मिशनरी आला आणि तिथून वसाहत सुरू झाली. ढोलावरची गाणी आणि अंगाक्कोकची परंपरा मिशनऱ्यांनी दाबली, पश्चिम किनाऱ्यावर तर ती बरीचशी तुटलीच. इनुइट ढोलनृत्य आणि गाणं २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, म्हणजे बरोब्बर तीनशे वर्षांनी. मधल्या काळात आणखी एक गोष्ट झाली, कॅमेरा आला, आणि तो बहुतेक वेळा बाहेरून आलेल्याच्या हातात होता. डॉक्टर, अधिकारी, मोहिमांवर आलेले लोक, मानवशास्त्रज्ञ. ग्रीनलँडचा दृश्य इतिहास पाहुण्यांनी लिहिलाय हे स्टॉर्क सतत सांगत आलाय, आणि त्याच्या सगळ्या कामाची सुरुवात तिथूनच आहे.

त्याने नेमकं काय केलं

कोपनहेगनमध्ये फातामॉर्गाना स्कूल आणि मग न्यूयॉर्कमध्ये इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी, असं त्याचं शिक्षण. पण त्याचं पहिलं पुस्तक, २०१८ चं 'पोर्सिलेन सोल्स', त्याने काढलेल्या फोटोंचं नाहीच, ते घरच्या आईवडिलांच्या पिढीच्या फोटोंचं आणि पत्रांचं आहे, ग्रीनलँड आणि डेन्मार्क यांच्यात गेलेल्या-आलेल्या. एखादा तरुण फोटोग्राफर पहिल्याच पुस्तकात स्वतःचा डोळा बाजूला ठेवून घरातला जुना डबा उघडतो, हे मला फार बोलकं वाटतं.

मग जॉन मॉलर. १८६७ ते १९३५ या काळातला माणूस, ग्रीनलँडचा पहिला स्थानिक व्यावसायिक फोटोग्राफर मानतात, नूकमध्ये, म्हणजे तेव्हाच्या गॉडथॉबमध्ये, छापखान्यात काम करायचा आणि काचेच्या प्लेटांवर फोटो काढायचा. त्याने डॅनिश अधिकारी आणि त्यांच्या बायका-मुलं काढली, तशीच आपली माणसंही काढली. स्टॉर्कने त्या प्लेटांमधून पुन्हा निवड केली आणि २०२१ मध्ये 'मिरर्ड' हे पुस्तक केलं. व्हेनिसमध्येही मॉलर होता. डेन्मार्कने आपल्या पॅव्हेलियनसाठी एक जिवंत कलाकार निवडला आणि तो आपल्याबरोबर नव्वद वर्षांपूर्वी गेलेला एक फोटोग्राफर घेऊन आला! कला-समीक्षेच्या भाषेत याला आर्काइव्हवरचं काम म्हणतात आणि ते चूक नाही, जगभरचे कलाकार असं करतात. पण वर सांगितलेली नावाची रीत डोक्यात ठेवून बघितलं तर याचं वजन बदलतं. मॉलर इथे पुरावा म्हणून आलेला नाही, पूर्वसुरी म्हणून फ्रेममध्ये टांगलेला नाही, त्याला पुन्हा काम मिळालंय. एका फोटोग्राफरचं काम दुसऱ्याच्या हातून पुढे चालू आहे आणि दोघांमधलं अंतर तेवढं महत्त्वाचं नाही.

'कीपर्स ऑफ द ओशन' हा सिसिमिउतच्या फोटोंचा सेट, फोटो २०१९ चे आणि पुस्तक २०२२ चं. मित्र, नातेवाईक, पार्टी, झोप, भांडी, पाणी. हा सेट सगळ्यात साधा दिसतो आणि मी सगळ्यात जास्त वेळ याच्यावरच घालवला आहे. बघा, नावात समुद्राचे राखणदार आहेत आणि फोटोंमध्ये बहुतेक वेळा घरातली माणसं आहेत, तर मग राखणदार कोण? माझं वाचन असं की तीच माणसं, म्हणजे समुद्राशी असलेलं नातं सांभाळणारी माणसं सोफ्यावर बसलेली आहेत, जीन्स घातलेली, सिगरेट ओढणारी. जुन्या समजुतीत समुद्राची आई आणि माणसांचं रोजचं वागणं एकमेकांना बांधलेलं होतं, घरात काय पाळलं आणि काय मोडलं त्यावर समुद्रातून काय मिळणार हे ठरायचं. म्हणून स्वयंपाकघर आणि समुद्र शेजारी-शेजारी ठेवणं हे तिथल्या माणसाला विचित्र वाटणार नाही. शिवाय माणूस, कुत्रा, मांस, खिडकी, लाट या सगळ्यांना तो साधारण सारखंच जवळून, सारख्याच आपुलकीने बघतो, माणूस पुढे आणि निसर्ग मागचा पडदा अशी उतरंड त्याच्याकडे नाही. मेलेला प्राणी आला तरी तो धक्का द्यायला येत नाही. इनुइट शिकारीत मारलेल्या सीलच्या तोंडात गोडं पाणी घालायची चाल होती, समुद्रात राहून त्याला तहान लागलेली असते म्हणून, आणि मुलाने पहिला सील आणला की मांस वाटून घरात सण होतो. अशा ठिकाणी मेलेल्या प्राण्याचा फोटो हा पाहुण्याचा फोटो असतो, म्हणजे घरी आलेल्या पाहुण्याचा.

'नेक्रोमॅन्सर' हा सेट मात्र वेगळा आहे, काळं-पांढरं, दाणेदार, अंधारातलं, कोविडच्या काळाशी जोडलेलं. नावाचा अर्थच मेलेल्यांशी बोलणारा. इथे तो आत्म्यांच्या विषयाला थेट हात घालतो, आणि खरं सांगायचं तर मला हा भाग इतर सेटपेक्षा थोडा कमी पटतो, कारण अंधार आणि दाणे दिसले की कुठल्याही देशातला प्रेक्षक 'गूढ' असं आपोआप वाचतो, त्यासाठी ग्रीनलँड लागत नाही. रंगीत, फ्लॅश मारलेल्या, उघड्या फोटोंमध्ये त्याची जी ताकद आहे ती इथे ओळखीच्या वाटेने जाते. पण हे माझं मत. बऱ्याच लोकांना हाच भाग सगळ्यात खोल वाटतो.

कानाक

व्हेनिससाठी नवीन काम होतं ते 'सून विल समर बी ओव्हर', २०२३ मध्ये कानाकला काढलेलं. कानाक म्हणजे अगदी वरचं टोक, सत्त्याहत्तर अंश उत्तरेच्याही पुढे, सहाएकशे माणसं, सूर्य जवळजवळ चार महिने नसतो आणि तेवढाच काळ मावळत नाही. इथले लोक इनुग्हुइट, त्यांची बोली वेगळी, अजून कयाकमधून नारव्हाल, म्हणजे लांब सुळ्याचा देवमासा, मारणारे. आणि हे गाव मुळात इथे नव्हतंच. अमेरिकेने १९५१ मध्ये थुलेला हवाई तळ बांधायला घेतला आणि १९५३ मध्ये तिथल्या कुटुंबांना अगदी थोड्या दिवसांच्या मुदतीत उत्तरेला शंभरेक किलोमीटर हलवलं गेलं. ते लोक कोर्टात गेले, भरपाई थोडी मिळाली, पण परत जायचा हक्क डेन्मार्कच्या सुप्रीम कोर्टाने २००३ मध्ये नाकारला. तळ अजून आहे, २०२३ मध्ये त्याचं नाव पिटुफिक स्पेस बेस झालं, म्हणजे ज्या वर्षी स्टॉर्क कानाकला फोटो काढत होता त्याच वर्षी जुन्या जागेचं नाव तळाला परत मिळालं, जागा नाही.

आता विचार करा, ज्या लोकांच्या समजुतीत प्रत्येक डोंगर-कड्याला, प्रत्येक शिकारीच्या जागेला त्याचा धनी आहे, त्यांना तिथून उचलून दुसरीकडे ठेवलं तर नुसती घरं बदलत नाहीत, ओळखीचे सगळे धनी मागे राहतात आणि नव्या जागेशी पहिल्यापासून ओळख करावी लागते. हा सेट बघताना हे माहीत असलेलं बरं, कारण फोटो ते ओरडून सांगत नाहीत. फोटोंमध्ये पोरं आहेत, घरं आहेत, शिकार आहे, न मावळणारा उजेड आहे. दुःख दाखवायला म्हणून कुणाला उभं केलेलं नाही. समुद्रावरचा बर्फ आता पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही, कुत्र्यांची स्लेज नेता येण्याचा काळ आखूड झालाय, आणि शीर्षकातला संपत आलेला उन्हाळा त्यामुळे दोन-तीन बाजूंनी वाचता येतो. आपल्याला उन्हाळा संपणं सुखाचं वाटेल, तिथे उन्हाळ्याचं संपणं म्हणजे उजेडाचं संपणं.

सूर्य आणि झेंडा

प्रदर्शनाच्या नावातला सूर्य थेट ग्रीनलँडच्या झेंड्यातला आहे. तुए क्रिस्टियानसेन यांनी काढलेला लाल-पांढरा झेंडा, मधे गोल, अर्धा वर अर्धा खाली, २१ जून १९८५ ला पहिल्यांदा अधिकृतपणे फडकला. बाकी नॉर्डिक देशांच्या झेंड्यांवर क्रॉस आहे, यांच्या झेंड्यावर क्षितिजावरचा सूर्य आणि बर्फ. १९७९ मध्ये होम रूल, म्हणजे घरचा कारभार काही प्रमाणात आपल्या हाती, २००९ मध्ये सेल्फ गव्हर्नमेंट, म्हणजे त्याहून जास्त स्वराज्य, आणि स्वतंत्र देश व्हायचं की नाही हा प्रश्न अजून चालू. म्हणून त्या दारावरची पाटी राजकीय होती यात शंका नाही. पण मला या प्रकरणात सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की राजकारण एका बाजूला आणि श्रद्धा दुसऱ्या बाजूला अशी वाटणी त्याला करावी लागली नाही. सूर्य राष्ट्राचं चिन्ह आहे, सूर्य हिवाळ्यानंतर परत येणारा, ज्याची सगळं गाव वाट बघतं तो खरा सूर्य आहे, आणि सूर्य फिल्मवर पडलेला उजेडही आहे. तिन्ही एकाच वेळी, आणि कुठलंही एक दुसऱ्याचं रूपक नाही.

त्याच्याआधीचं एक नाव इथे घ्यायलाच हवं, पिया आर्के, १९५८ ते २००७, आई ग्रीनलँडची आणि वडील डॅनिश. तिने १९८८ मध्ये स्वतःचं अख्खं शरीर आत मावेल एवढा मोठा पिनहोल कॅमेरा, म्हणजे लेन्सऐवजी बारीक भोकातून उजेड आत घेणारा, बांधला आणि पुढे लहानपणी जिथे राहिली होती त्या नूगार्सुकच्या किनाऱ्याचा फोटो आत बसून काढला. एक्स्पोजर लांब, त्यामुळे आत ती हलली की तिच्या शरीराची सावली त्या फोटोत उतरायची. जमिनीचा फोटो आणि माणसाचं अंग एकाच कागदावर. आर्केला हयातीत व्हायला हवी तेवढी दखल मिळाली नाही. स्टॉर्कला २०२४ मध्ये जे दार उघडं मिळालं ते उघडण्यात तिचा मोठा वाटा आहे असं मी मानतो, जरी दोघांचं काम दिसायला अगदी वेगळं असलं तरी.

एक आक्षेप आणि त्यावर माझं म्हणणं

कुणी म्हणेल की हे सगळं तुम्ही फोटोंच्या बाहेरून आणून फोटोंना चिकटवताय, नाव इनुइट नसतं तर हेच फोटो नुसते मित्रांचे स्नॅपशॉट म्हणून गेले असते. आक्षेप गंभीर आहे. अशा डायरीसारख्या, फ्लॅश मारलेल्या फोटोग्राफीची न्यूयॉर्क आणि टोकियोमध्ये जुनी परंपरा आहे आणि स्टॉर्क न्यूयॉर्कमध्ये शिकलेला आहे, ते त्याच्या हातात दिसतं. पण त्या परंपरेत बहुतेक वेळा मध्यभागी 'मी' असतो, माझी रात्र, माझे मित्र, माझी जखम. स्टॉर्ककडे तो 'मी' सतत पातळ होत जातो, घरच्यांच्या फोटोंत मिसळतो, मॉलरच्या प्लेटांत मिसळतो, कुत्र्यात आणि पाण्यात मिसळतो. कॅमेरा तोच, फ्लॅश तोच, पण फोटोचा धनी कोण हे वेगळं. हा फरक मला त्याच्या शिक्षणातून आलेला वाटत नाही.

२०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस-वन या कला-संग्रहालयात कानाकच्या सेटच्याच नावाने त्याचं प्रदर्शन लागलं, आणि नेमक्या त्याच वर्षी ग्रीनलँड कुणाच्या ताब्यात असावं याच्या बातम्या रोज चालल्या होत्या, नकाशे, खनिजं, लष्करी तळ. त्या बातम्यांमध्ये माणसं फार कमी होती.

ज्यांनी स्टॉर्कचं काम अजून पाहिलेलं नाही त्यांनी माझं ऐकाल तर 'कीपर्स ऑफ द ओशन' पासून सुरुवात करा, श्रद्धा-बिद्धा काही शोधू नका, नुसती माणसं बघा. मग मॉलरचे फोटो बघा, त्याच्यातले चेहरे आधीच्या चेहऱ्यांच्या शेजारी ठेवून. कानाक त्यानंतर, आणि 'नेक्रोमॅन्सर' सगळ्यात शेवटी.